शेऱ्याचा रकाना

वीज कुठून किती यायची आणि कुठे किती जायची हे सांभाळणाऱ्या भार प्रेषण केंद्रात शिरलं की नजर आधी भिंतीवरच्या आकड्याकडे जाते. ठळक दिव्यांचा, दोन दशांशांपर्यंतचा आकडा: ५०.०१, ४९.९८, ५०.०३. ही ग्रिडची, म्हणजे देशभरच्या वीजजाळ्याची फ्रिक्वेन्सी, हर्ट्झमध्ये. कोयनेच्या पाण्यावरच्या संचापासून सिंगरौलीच्या कोळशावरच्या संचापर्यंत, एकमेकांना जोडलेली सगळी यंत्रं याच ठेक्यावर फिरतात. मागणी वाढली की ठेका किंचित मंदावतो, निर्मिती जास्त झाली की चढतो. शिफ्टवरचा माणूस चहा पितानाही अर्धा डोळा तिथेच ठेवतो.

३० जुलै २०१२ च्या पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी उत्तर भारताचं अख्खं ग्रिड कोसळलं. त्याच्या जरा आधी हा आकडा होता ४९.६८. दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला दुपारी १ वाजता उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही ग्रिडं गेली. तेव्हा आधीचा आकडा होता ४९.८४. त्या काळच्या नियमाप्रमाणे ४९.५ ते ५०.२ हा पट्टा चालत असे. म्हणजे दोन्ही वेळा भिंतीवर सगळं आलबेल होतं. अंगात ताप नव्हता, पण दुखणं होतं.

दुखणं होतं बिना ते ग्वाल्हेर या ४०० केव्ही (किलोव्होल्ट) लाइनवर. त्या वर्षी उत्तरेत पाऊस लांबला होता आणि भातासाठी पंप रात्रंदिवस चालू होते. पश्चिमेत पाऊस झाल्यामुळे मागणी उतरली होती आणि वीज शिल्लक पडत होती. ती शिल्लक वीज पश्चिमेकडून उत्तरेकडे धावत होती आणि तिच्या वाटेतला मुख्य पूल म्हणजे बिना-ग्वाल्हेर-आग्रा. या पुलाची एक सर्किट, म्हणजे तारांचा एक संच, ७६५ केव्हीच्या कामासाठी नियोजित आउटेजवर, म्हणजे ठरवून बंद होती. राहिलेल्या एका सर्किटवर सगळा बोजा आला आणि ती ट्रिप झाली, म्हणजे आपोआप तुटली. वीज मग पूर्वेकडून लांबचा वळसा घालून जाऊ लागली, त्या वाटेवरच्या लाइनींनाही तो भार पेलेना, आणि काही सेकंदांत उत्तर ग्रिड तुटून अंधारात गेलं. सुमारे ३६ हजार मेगावॉटचा भार गेला. दुसऱ्या दिवशीचा आकडा ४८ हजारांच्या घरात होता. रेल्वेगाड्या रुळांवर उभ्या राहिल्या, पश्चिम बंगालमध्ये खाणकामगार जमिनीखाली अडकले, साठ कोटींहून जास्त लोकांची वीज गेली.

लाइन ट्रिप झाली तेव्हा तिच्यावर काहीही बिघाड नव्हता. तार तुटलेली नव्हती, झाड टेकलेलं नव्हतं, इन्सुलेटर फुटलेला नव्हता. रिलेने, म्हणजे लाइनवर पहारा ठेवून गरज पडली की ती तोडणाऱ्या उपकरणाने, लाइन सोडली, आणि रिले बिघडलेला नव्हता. त्याला जे आकडे भरून दिले होते, त्यांच्याशी तो शंभर टक्के प्रामाणिक राहिला.

हे कसं होतं ते जरा जवळून बघायला हवं, कारण सगळी गोम तिथेच आहे. ४०० केव्ही लाइनचं रक्षण करणारा डिस्टन्स रिले लाइनवरचं व्होल्टेज आणि करंट मोजतो आणि एकाला दुसऱ्याने भागतो. येतात ते ओहम. फॉल्ट, म्हणजे शॉर्टसर्किटसारखा बिघाड, झाला की व्होल्टेज पडतं, करंट उसळतो आणि भागाकार लहान होतो. जितका लहान, तितका फॉल्ट जवळ. पहिला झोन लाइनच्या साधारण ८० टक्के लांबीवर डोळा ठेवतो आणि क्षणाचाही विलंब न लावता ट्रिप देतो. दुसरा झोन लाइनच्या टोकापलीकडे थोडा जातो आणि अर्ध्या सेकंदाच्या आत-बाहेर थांबतो. तिसरा झोन सगळ्यात लांबचा. शेजारच्या लाइनवरचा फॉल्ट तिच्या स्वतःच्या रिलेने सोडवला नाही, तर एक-दीड सेकंदाने याने मधे पडायचं. शेजाऱ्याच्या घरी चोर शिरला आणि शेजारी जागा झाला नाही, तर उठणारा हा मागचा पहारेकरी.

आता गणित. लाइनवरून १००० मेगावॉट चालले आहेत आणि व्होल्टेज पूर्ण ४०० आहे असं धरा. पॉवर फॅक्टर एकच्या जवळ असेल, म्हणजे व्होल्टेज आणि करंट जवळपास एकाच तालात असतील, तर रिलेला दिसतात १६० ओहम. भार १२०० झाला तर १३३. तिसऱ्या झोनचा रेझिस्टिव्ह रीच, म्हणजे भाराच्या बाजूची त्याची पोच, समजा १२० ओहमवर ठेवला आहे, तर अजून १३ ओहमचं अंतर आहे. पण जड भाराच्या लाइनवर व्होल्टेज ४०० राहत नाही. ते ३७० वर आलं की तेच १२०० मेगावॉट रिलेला ११४ ओहम दिसतात, कारण व्होल्टेजचा वर्ग होतो. भार तेवढाच, फॉल्ट कुठेच नाही, आणि आकडा झोनच्या आत. रिले एक-दीड सेकंद मोजतो आणि ब्रेकर, म्हणजे लाइनचा मोठा स्विच, उघडतो. याला आमच्या धंद्यात लोड एन्क्रोचमेंट म्हणतात. साध्या मराठीत, पहारेकऱ्याने घरच्या पाहुण्यालाच चोर समजून दार लावून घेतलं.

वर घेतलेले आकडे समजावण्यापुरते आहेत. प्रत्येक लाइनचे वेगळे असतात. पण अशी रचना जगात पहिल्यांदा २०१२ मध्ये फसली असं मुळीच नाही.

९ नोव्हेंबर १९६५. नायगाराजवळच्या कॅनडातल्या सर अॅडम बेक क्रमांक दोन या जलविद्युत केंद्रातून टोरांटोकडे जाणाऱ्या पाच २३० केव्ही लाइनी. त्यांच्या बॅकअप रिलेचं सेटिंग काही वर्षांपूर्वी ३७५ मेगावॉटच्या आसपास ठेवलेलं होतं. तेव्हा ते बरोबर होतं, कारण तेव्हा तेवढा भार जात नसे. भार वर्षागणिक वाढत गेला. संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास एका लाइनवर तो त्या आकड्याच्या पलीकडे गेला आणि रिले चालला. तिचा भार उरलेल्या चार लाइनींवर पडला, त्याही एकामागून एक गेल्या. उलट दिशेला, न्यूयॉर्ककडे, वीज लोटली गेली आणि तीनेक कोटी लोक अंधारात बसले. लाइनींची ताकद त्या आकड्याहून जास्त होती. चौकशीत कळलं की लाइन चालवणाऱ्या माणसांना रिलेचा हा आकडा ठाऊकच नव्हता. ज्याने आकडा ठरवला तो एका विभागात, ज्याने लाइन चालवायची तो दुसऱ्या.

१४ ऑगस्ट २००३. अमेरिकेतला ओहायो. दुपारी २ वाजून १४ मिनिटांनी तिथल्या कंट्रोल रूमचं अलार्म सॉफ्टवेअर मुकाट बंद पडलं. पडद्यावर आकडे दिसत होते, पण घंटा वाजत नव्हती, आणि घंटा वाजत नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजून लोक बसले होते. पुढच्या दीड तासात ३४५ केव्हीच्या तीन लाइनी एकामागून एक वाढलेल्या झाडांना टेकून गेल्या. पहिली तर क्षमतेच्या निम्म्याहून कमी भारावर असताना. मग ४ वाजून ५ मिनिटं ५७ सेकंदांनी सॅमिस-स्टार ही लाइन गेली. तिला झाड लागलं नव्हतं. जास्त भार, पडलेलं व्होल्टेज, तिसरा झोन. तिथून पुढचा कोसळा कुणाच्याच हातात राहिला नाही, पाच कोटी लोकांची वीज गेली.

यानंतर तिकडे नियम झाला: लाइनवर तिच्या क्षमतेच्या दीडपट करंट असो, व्होल्टेज ८५ टक्क्यांवर आलेलं असो, पॉवर फॅक्टरचा कोन ३० अंश असो, या अवस्थेत रिलेने भारावर ट्रिप देता कामा नये. म्हणजे ४०० केव्हीच्या लाइनसाठी ३४० केव्ही धरून हिशेब करायचा. उपायात अवघड काही नाही. रीचचा आकार बदला, नव्या न्यूमेरिकल (संगणकी) रिलेत लोड ब्लाइंडर, म्हणजे भाराकडे डोळेझाक करणारी सोय, चालू करा, नाहीतर ज्या लाइनीला दोन स्वतंत्र मुख्य रिले आणि ब्रेकर फेल्युअर संरक्षण (एक ब्रेकर उघडला नाही तर शेजारचे उघडणारं) आहे तिथे तिसरा झोन आखडता घ्या. एका लाइनसाठी अर्ध्या दिवसाचं काम.

१९६५, २००३, २०१२. तीन देश, तीन पिढ्या, दुखणं एकच. इंजिनिअरांना ज्ञान नव्हतं असं कोण म्हणेल? प्रोटेक्शनच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात लोड एन्क्रोचमेंटवर पानं असतात. मग ते ज्ञान बिनाच्या पॅनेलपर्यंत का पोचलं नाही?

त्यासाठी रिलेचा सेटिंग शीट उघडावा लागतो. उपकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये, पॅनेलच्या मागच्या कपाटात, बांधणी सुटलेल्या फायलीत तो असतो. लाइनचं नाव, लांबी, कंडक्टर, सीटी आणि सीव्हीटी (रिलेसाठी करंट आणि व्होल्टेज लहान करून देणारे ट्रान्सफॉर्मर) यांचे रेशो, तिन्ही झोनचे रीच आणि वेळा, तपासणाऱ्याची सही, मंजुरीची सही, तारीख. शेवटी एक अरुंद रकाना: शेरा. त्यात बहुधा काहीच नसतं. असलंच तर 'ठीक', 'मंजूर', आणि सगळ्यात धोकादायक शब्द, 'पूर्वीप्रमाणे'.

'पूर्वीप्रमाणे' म्हणजे काय होतं ते एका उदाहरणाने सांगतो. लाइनचा भार वाढणार म्हणून सीटी बदलले: १०००/१ ऐवजी २०००/१. रिलेला आकडे सेकंडरी, म्हणजे लहान केलेल्या बाजूच्या ओहममध्ये दिलेले असतात आणि ते प्रायमरीत, म्हणजे खऱ्या लाइनच्या ओहममध्ये नेताना सीव्हीटीचा रेशो भागिले सीटीचा रेशो असा गुणक लागतो. सीटी दुप्पट झाले आणि सेटिंग पूर्वीप्रमाणे ठेवलं, तर प्रत्येक झोनची लांबी निम्मी होते. ८० टक्के बघणारा पहिला झोन आता ४० टक्केच बघतो. १२० टक्के बघणारा दुसरा ६० वर थांबतो. लाइनच्या शेवटच्या ४० टक्क्यांवर फॉल्ट झाला तर तो तिसऱ्या झोनच्या वेळेने सुटणार, म्हणजे सेकंद-दीड सेकंदाने. ४०० केव्हीवर फॉल्ट १०० मिलिसेकंदांत सुटला पाहिजे असा मापदंड आहे. तिथे दीड सेकंद म्हणजे युग. शिवाय रिले कुठली घंटा वाजवत नाही, लाल दिवा लावत नाही. नेहमीच्या चाचणीत सेकंडरी इंजेक्शन किट (रिलेला थेट चाचणीचा करंट देणारी पेटी) लावून बघितलं तर भरलेल्या आकड्यांवर तो चोख चालतो आणि 'ठीक'चा शेरा मिळतो. उलट बदल झाला, दोन हजारांवरून हजारावर, तर रीच दुप्पट होतो आणि रिले पलीकडच्या दुसऱ्याच्या लाइनवरच्या फॉल्टसाठीही ट्रिप देतो. त्यातल्या त्यात हा प्रकार बरा, कारण तो लवकर उघडा पडतो.

मला वाटतं, संस्था शिकते म्हणजे काय होतं याचं मोजमाप या एका रकान्यात आहे. आकडा टिकतो, तो का ठेवला होता ते हरवतं. ज्याने १२० ओहम ठरवले त्याच्या डोक्यात तेव्हाचा जास्तीत जास्त भार होता, शेजारच्या लाइनची लांबी होती, त्या उपकेंद्रात ब्रेकर फेल्युअर संरक्षण नव्हतं ही माहिती होती. शीटवर यातलं काही उतरलं नाही. तो बदली होऊन गेला, मग निवृत्त झाला. त्याच्या जागी आलेल्या माणसासमोर एक मंजूर झालेला आकडा आहे, आणि मंजूर आकड्याला हात लावून उद्या काही झालं तर सही आपली असेल. मग तोही लिहितो, पूर्वीप्रमाणे. यात आळस कमी आणि सावधपणा जास्त असतो. या घडीला माणूस बेजबाबदार म्हणून नव्हे, तर जबाबदारी फक्त बदल करणाऱ्यावर येते म्हणून गप्प बसतो.

२९ जुलै २०१२ ही तारीख सहसा कुणाला आठवत नाही. त्या दिवशी जवळपास तशाच परिस्थितीत उत्तर ग्रिड कोसळता कोसळता वाचलं होतं, हे चौकशी समितीने आपल्या अहवालात नोंदवलं आहे. म्हणजे पहिली घंटा ३० तारखेच्या पहाटेच्या आदल्या दिवशीच वाजली होती. वाचलेल्या ग्रिडची बैठक होत नाही. कोसळलेल्या ग्रिडची होते, तिला मंत्री येतात. वाचलो या आनंदात लॉगबुकात एक ओळ पडते आणि शिफ्ट बदलते. ३० तारखेला दिवसभर सगळ्यांचे हात वीज परत आणण्यात गुंतले होते. ते रास्तच, पण ज्या सर्किटने दगा दिला तीच, त्याच सेटिंगवर, तशाच भाराच्या वाटेवर पुन्हा उभी राहिली. ३१ ला दुपारी तिसऱ्या झोननेच पुन्हा तिला सोडलं.

आता दुसरी बाजू. लाइन गेली तरी ग्रिड वाचवायला आणखी एक जाळं असतं: अंडर फ्रिक्वेन्सी रिले. फ्रिक्वेन्सी एका मर्यादेखाली गेली की ठरलेले फीडर, म्हणजे एकेका भागाला वीज देणाऱ्या लाइनी, आपोआप सुटतात आणि मागणी उतरते. आज आपल्याकडे त्याच्या पायऱ्या ४९.४, ४९.२, ४९.० आणि ४८.८ अशा आहेत. त्याच्या जोडीला फ्रिक्वेन्सी किती वेगाने पडते ते बघणारे रिले. २०१२ मध्ये उत्तर विभागात या दोन्ही मिळून सुमारे १० हजार मेगावॉट सुटायला हवे होते: चार हजार पहिल्या प्रकाराने, सहा हजार दुसऱ्याने. कागदावर. प्रत्यक्षात तेवढे सुटले असते तर गोष्ट वेगळी झाली असती.

कागदावरचे मेगावॉट विरघळतात कसे, हे वितरणाच्या माणसाला चांगलं माहीत असतं. एकच फीडर दोन याद्यांत असतो, त्यामुळे मोजणी दुप्पट होते. यादीतल्या फीडरवर भारनियमन आधीच चालू असतं, म्हणजे रिले चालला तरी सुटायला काही उरलेलं नसतं. यादी करताना त्या फीडरवर २० मेगावॉट होते, नंतर अर्ध्या गावाला वेगळा फीडर निघाला आणि ७ राहिले. कुणीतरी त्यावर रुग्णालय जोडलं म्हणून रिलेची ट्रिप लिंक (ब्रेकरकडे हुकूम नेणारी जोडणी) काढून ठेवली, ती तशीच राहिली. पॅनेलवर रिलेचा हिरवा दिवा मात्र चालू. म्हणून या रिलेची तपासणी करताना नुसता रिले तपासून भागत नाही. ट्रिप कॉइलपर्यंतची तार आणि त्या क्षणी फीडरवर असलेले मेगावॉट, दोन्ही वहीत उतरवावे लागतात.

महाराष्ट्रात यात आता एक नवी गाठ पडली आहे. शेतीचे फीडर हे अशा यादीतले हमखास उमेदवार. ते सुटले तर ओरड कमी होते. पण मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत याच ग्रामीण उपकेंद्रांशेजारी २ ते १० मेगावॉटचे सौर प्रकल्प उभे राहिले आहेत आणि ते तिथल्याच ११ किंवा ३३ केव्ही बाजूला वीज देतात. दुपारी १ वाजता असं उपकेंद्र ग्रिडकडून वीज घेण्याऐवजी ग्रिडला देत असू शकतं. त्या घडीला वरचा ३३ केव्ही फीडर सोडला तर मागणी नव्हे, निर्मिती जाते. फ्रिक्वेन्सी वाचवायला काढलेला हात तिलाच खाली ढकलतो. रात्री बरोबर असलेली यादी दुपारी चूक ठरते. उपाय आहे: दिशा ओळखणारा रिले लावा, किंवा सुटण्याची जागा आणखी खाली, फक्त भाराच्या फीडरवर न्या. पण त्यासाठी यादीच्या शेऱ्यात 'या बसवर (उपकेंद्रातल्या सामाईक जोडपट्टीवर) सौर जोडणी अमुक तारखेला झाली' ही ओळ हवी, आणि सौर जोडणी करणारा विभाग आणि रिलेची यादी ठेवणारा विभाग एकमेकांशी बोलायला हवेत. सर अॅडम बेकमध्ये नेमकं हेच झालं नव्हतं.

मुंबईची आयलंडिंग योजना याच कुळातली. बाहेरचं ग्रिड डळमळलं की शहराने नाळ तोडून ट्रॉम्बे, डहाणू आणि खोपोली-भिवपुरी-भिराच्या पाण्यावरच्या संचांवर तग धरायचा. अनेक वर्षं मुंबईकरांना याचा अभिमान होता आणि तो खोटा नव्हता. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास ४०० केव्हीच्या लाइनी एकामागून एक गेल्या आणि आयलंडिंग टिकलं नाही. लोकल जागच्या जागी थांबल्या. बेटाच्या आत चालू असलेली निर्मिती मागणीच्या मानाने तोकडी होती.

तोकडी म्हणजे किती, याला फार महत्त्व आहे. बेटात १००० मेगावॉटचे संच चालू आहेत, त्यांचं जडत्व (फिरत्या यंत्रात साठलेली ऊर्जा पूर्ण क्षमतेने किती सेकंद पुरेल ते) साधारण ४ सेकंदांचं आहे आणि मागणी १५०० आहे असं धरलं, तर फ्रिक्वेन्सी सेकंदाला तीन हर्ट्झहून वेगाने पडते. ५० वरून ४७.५ वर यायला एक सेकंदही लागत नाही आणि त्याच्या आसपास संच स्वतःला वाचवायला ग्रिड सोडतात. रिलेला फ्रिक्वेन्सी खात्रीने मोजायला काही सायकल लागतात, ब्रेकर उघडायला आणखी दोन-तीन. या एका सेकंदात ५०० मेगावॉट सुटले तर बेट तरतं. शहराबाहेरची वीज स्वस्त मिळते म्हणून आतले संच कमी चालवणं हा हिशेबाचा निर्णय असतो आणि हिशेबाच्या बैठकीत तो बरोबरच असतो. त्याच दिवशी आयलंडिंगचं गणित बदललं, हे मात्र त्या बैठकीत कुणी सांगत नाही.

नेतृत्व हा शब्द आपल्याकडे भाषणात जास्त आणि शिफ्टमध्ये कमी ऐकू येतो. मला तो पहाटे अडीचला दिसतो. शिफ्ट इन-चार्जसमोर एक लाइन तापते आहे, व्होल्टेज उतरतं आहे, जादा वीज ओढणाऱ्यांना कमी करा असे संदेश देऊन झाले आहेत आणि कुणी हललेलं नाही. त्याच्या हातात २०० मेगावॉटचे फीडर सोडणं आहे. त्याने ते सोडले आणि ग्रिड वाचलं, तर ते त्याच्यामुळे वाचलं याचा पुरावा कधीच मिळत नाही. सकाळी फक्त एवढंच दिसतं की याने दोन लाख घरांची वीज घालवली. नाही सोडले आणि ग्रिड पडलं, तर दोष सगळ्यांत वाटला जातो. ओहायोच्या चौकशीतही हेच निघालं: सॅमिस-स्टार जाण्याआधी क्लीव्हलँड-अॅक्रन भागातला दीड हजार मेगावॉट भार काढला असता तर पुढचं टळू शकलं असतं. अधिकार त्यांच्याकडे होता.

म्हणून अधिकार देऊन पुरत नाही, आकडा लिहून द्यावा लागतो. 'परिस्थिती पाहून योग्य निर्णय घ्यावा' असा स्थायी आदेश म्हणजे वरिष्ठाने स्वतःची सुटका करून घेतलेली असते. 'या लाइनवर अमुक मेगावॉटच्या वर दहा मिनिटं आणि व्होल्टेज ३८० च्या खाली गेलं, तर कुणालाही न विचारता पुढील सहा फीडर याच क्रमाने सोडा', असा आदेश, खाली मुख्य अभियंत्याची सही, आणि शेऱ्यात हा आकडा का निवडला त्याचं एक वाक्य. मग पहाटे अडीचला माणूस एकटा नसतो. आणि दुसऱ्या दिवशी पहिला फोन 'का सोडले?' असा येतो की 'व्होल्टेज कुठवर गेलं होतं?' असा, यावरून पुढच्या दहा शिफ्टचं वागणं ठरतं.

ट्रिपच्या चौकशीचंही तसंच. आपल्याकडे दोन निष्कर्ष ठरलेले: वर्तमानपत्रासाठी 'तांत्रिक बिघाड' आणि फायलीसाठी 'पक्ष्यामुळे'. पक्षी बिचारे प्रतिवाद करत नाहीत. खरं उत्तर डिस्टर्बन्स रेकॉर्डरमध्ये, म्हणजे ट्रिपच्या क्षणाचं व्होल्टेज आणि करंट टिपणाऱ्या यंत्रात असतं, पण दोन टोकांच्या उपकेंद्रांची घड्याळं जीपीएसशी जुळलेली नसली तर आधी कोण गेलं हेच कळत नाही. नियम सांगतो की रेकॉर्ड २४ तासांत प्रेषण केंद्राला द्यावा. तो देणाऱ्याला जर 'कारणे दाखवा' नोटीस मिळत असेल, तर रेकॉर्डरची मेमरी नेमकी त्याच वेळी भरलेली निघते.

२८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले तेव्हा दुखणं वेगळंच निघालं: व्होल्टेज पडलं नाही, चढत गेलं, आणि चढत्या व्होल्टेजवर निर्मिती एकामागून एक सुटत गेली. भार सुटला तशा लाइनी हलक्या झाल्या आणि हलकी लाइन व्होल्टेज आणखी चढवते. आम्ही मंडळी पन्नास वर्षं व्होल्टेज पडण्याची भीती बाळगून होतो.

या सगळ्यात एक रात्र मी पुन्हा पुन्हा वाचतो. ५ एप्रिल २०२०, रात्री ९ वाजता ९ मिनिटं घरातले दिवे बंद करायचं आवाहन. ते ३ तारखेला झालं, म्हणजे तयारीला दोन दिवस. राष्ट्रीय भार प्रेषण केंद्राचा अंदाज होता, मागणी १२ ते १४ हजार मेगावॉटने उतरेल. बेत असा आखला की रात्री पावणेनऊपर्यंत पाण्यावरचे संच वर न्यायचे आणि कोळशाचे खाली आणायचे. कारण कोळशाचा संच हलायला मिनिटं घेतो, पाण्याचा सेकंदांत हलतो. ९ वाजता पाणी झपाट्याने कमी करायचं, नऊ मिनिटांनी पुन्हा झपाट्याने वाढवायचं. कुणी कुठल्या मिनिटाला किती करायचं, हे राज्याराज्यांच्या केंद्रांना लिहून गेलं होतं.

मागणी उतरली ती सुमारे ३१ हजार मेगावॉटने. अंदाजाच्या दुपटीहून जास्त. पाण्यावरच्या संचांनी पंचवीस मिनिटांत साडेसतरा हजार मेगावॉट खाली घेतले, फ्रिक्वेन्सी ५०.२६ पर्यंत चढली आणि परत येताना ४९.७० पर्यंत उतरली. कुठेही ग्रिड पडलं नाही. नंतरच्या अहवालात त्यांनी अंदाज आणि प्रत्यक्ष घट हे दोन्ही आकडे छापले आहेत.